मिसोतलं तिरफळ

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जयवंती दारात हाक मारते. नवरात्रात ती आमच्या वाडीत फिरकत नाही. फिरकून करणार काय, एकही घर मासे घेत नाही. त्यामुळे दसरा कधी उलटतो याची आमच्यापेक्षा तिलाच जास्त घाई. स्कूटीच्या पुढ्यात क्रेट, क्रेटवर ओलं गोणपाट आणि तोंडाची टकळी चालू. "बांगडे घ्या ओ वहिनी, आत्ता उतरवलेत, डोळे बघा कसे आहेत ते!" यंदाही आली. मी खळ्यात उभा होतो. हल्ली मला धड उभंही राहता येत नाही. खळ्यातून पडवीत, पडवीतून मागीलदारी, मागीलदारून परत खळ्यात. शुभा, म्हणजे माझी बायको, म्हणते, "बोट सोडलीत तरी फेऱ्या मारायची खोड काही गेली नाही." बोटीवर फेऱ्या मारणारे वेगळे, मी गॅलीत असायचो, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात. पण हे तिला आजवर शंभर वेळा सांगून झालंय.

रविवारी मानसीचा फोन यायचाय. आमची मुलगी. जपानात असते. तिथल्या एका वृद्धाश्रमात नर्स आहे. तिची तीन वर्षं आता भरतात. पुढे दोन वर्षांची सही करायची की रत्नागिरीला परत यायचं, ते तिला ठरवायचंय. आज बुधवार. रविवारपर्यंत या फेऱ्या अशाच चालणार.

ऑक्टोबर आमच्याकडे कुणाचाच महिना नसतो. पाऊस गेलेला, थंडी आलेली नाही. कातळावरचं गवत आठवड्याभरात पिवळं पडतं आणि भात कापून झाल्यावर मळ्या उघड्याबोडक्या दिसतात. दुपारी वारा असा पडतो की माडाची झावळी हलत नाही. हातखंब्याच्या नाक्यापर्यंत जाऊन यावं म्हटलं तर शर्ट पाठीला चिकटतो, घरात बसावं तर पंख्याची हवाही गरम. या हवेत माणसाच्या मनात काय चाललंय ते लपत नाही, सगळं घामासारखं वर येतं. बांगडे तेवढे या महिन्यात खरे. चरबीने भरलेले, पाठ निळीहिरवी, पोट चंदेरी. बांगड्यांचा वास आला की मला तीन वर्षांपूर्वीचा तो ऑक्टोबर आठवतो आणि स्वतःचा रागही येतो.

तेव्हा मानसी रत्नागिरीतल्या एका खाजगी दवाखान्यात कामाला होती. ड्यूटी करून जपानी शिकायची. तिच्या खोलीच्या भिंतीवर, आरशावर, अगदी आतल्या दाराच्या कडीवरसुद्धा अक्षरांच्या चिठ्ठ्या. परीक्षा पास झाली, तिकडे कामही मिळालं, फक्त तिथल्या सरकारचा कागद यायचा राहिला होता. कागद आला की जायचं. आणि मला तिला जाऊ द्यायचं नव्हतं. आज हे सरळ लिहितोय. तेव्हा सरळ बोललो असतो तर पुढचा खटाटोप झालाच नसता.

पण बोलणार कुठल्या तोंडाने? मी अठ्ठावीस वर्षं बोटीवर काढली, त्यातली शेवटची सतरा चीफ कूक म्हणून. नऊ महिने दर्यावर, तीन महिने घरी. मानसी जन्मली तेव्हा मी कुठल्याशा बंदराबाहेर नांगर टाकून होतो. तिचे दात आले, पडले, पुन्हा आले. दहावीचा निकाल, गॅदरिंग, डेंग्यू, हे सगळं मला फोनवर कळलं. ती आईला अगं म्हणते आणि मला अहो. तिच्या वर्गातल्या किती मुली बापाला अरे बाबा म्हणायच्या. माझी पोर मला पाहुण्याला म्हणावं तसं अहो बाबा म्हणते. जो स्वतः कधी थांबला नाही त्याने मुलीला थांब म्हणायचं? मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

मग मी बोटीवरची अक्कल लावली. गॅलीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. माणूस घरच्या आठवणीने बोट सोडत नाही, जेवणाने सोडतो. एक फिटर आमच्याकडे दोन महिन्यांत हातपाय गाळून घरी गेला. घरी भांडण नव्हतं, आजार नव्हता. रोज ताटासमोर बसायचा आणि घास फिरवायचा. तेव्हाचा कूक दुसरा होता, हेही सांगून ठेवतो. तर म्हटलं, पोरीला महिनाभर जपानी जेवण घालू. आपल्या आमटीभाताशिवाय, खोबऱ्याशिवाय, तिखटाशिवाय. तिचं तीच म्हणेल, नको गो बाई. मला तोंड उघडायलाच नको.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर मी जाहीर केलं, "उद्यापासून दिवाळीपर्यंत घरात जपानी जेवण. सराव हवा." मानसीचा चेहरा असा फुलला की मला कसंतरीच झालं. "खरंच बाबा? तुम्ही करणार?" शुभा आपट्याची पानं गोळा करत होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. आंब्याच्या पेटीत वरच्या थराखाली काय भरलंय हे पेटी न उघडता ओळखणारी काही माणसं असतात, शुभा त्यातली.

आता गंमत अशी की मी जपानी जेवण कधी चाखलेलंसुद्धा नव्हतं. कोबे, योकोहामा, ही बंदरं कितीदा लागली. पण बंदर लागलं की गॅलीत काम दुप्पट. मी जपान पाहिला तो वाटोळ्या खिडकीतून, एक क्रेन आणि तिच्यामागे पाऊस. त्यामुळे मी मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून व्हिडिओ बघत शिकायला लागलो. मिसो मागवला. म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला गोळा, तपकिरी, ओल्या मातीसारखा. कुरिअरवाल्याने आणून दिला, शुभाने झाकण उघडलं आणि नाकाला पदर लावला. "उडदाची डाळ नासवून कुणी पाठवलीन ही?"

मिसोच्या सुपाला आधी माशाचं पाणी लागतं. तिकडे त्यासाठी सुके मासे वेगळे मिळतात. मी डब्यातली सुकी मांदेली काढली. डोकी आणि पोटं काढून टाकायची, नाहीतर कडसर होतं. माझा बेत काय होता? सूप बिघडायला हवं होतं. म्हणजे डोकी ठेवायची की! पण मी पडवीत बसून अर्धा तास एकेक मांदेलीचं डोकं मोडत बसलो. मासे भिजवले, मंद आचेवर ठेवले, गाळले. मिसो घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही, त्याचा वास मरतो. येऊ द्यायची होती ना उकळी, कुणी अडवलं होतं? कडेला बारीक बुडबुडे धरले आणि माझा हात आपसूक गेला, गॅस बंद. ज्याने अठ्ठावीस वर्षं दिवसाला तीन वेळा वीस माणसांना जेवू घातलंय त्याला वाईट शिजवता येत नाही हो. मी प्रयत्न केला, शपथेवर सांगतो.

मानसीने वाटी दोन्ही हातांनी धरून तोंडाला लावली. मी तिच्या कपाळाकडे बघत होतो, आठी पडते का म्हणून. वाटी खाली आली. "बाबा, आणखी आहे?"

पुढचे दिवस असेच गेले. मी रोज मनात वाईट धरायचो आणि रोज पदार्थ चांगला व्हायचा. त्यांचा भात चिकट लागतो, काड्यांनी उचलता यायला हवा. बोटीवर मी सगळा जन्म मोकळ्या भातासाठी घालवला. इथे आंबेमोहोर घेतला, अंदाजाने पाणी घातलं, झाकण न उघडता निववला. शुभा म्हणाली, "पेज करायची होती की भात, ते एकदा ठरवा." पण ती जेवली. कोंबडी आणि अंडं एकत्र शिजवून भातावर घालतात तोही प्रकार केला. मानसीने नावाचा अर्थ सांगितला, ओयाको म्हणजे आईबाप आणि पोर. शुभाचा घास हातातच राहिला. "अगो बाई! आईला नि पिल्लाला एकाच भांड्यात शिजवायचं, वर नाव घेऊन खायचं? माणसं आहेत की कोण!" मानसी हसून हसून ठसकली. मी हसलो नाही. मी म्हटलं, अंडं थोडं कच्चंच ठेवतात, तसंच खायचं, आणि पाणी आणायला उठलो.

टेंपुराच्या दिवशी तर माझा जीवच वर आला. टेंपुरा म्हणजे त्यांची भजी. पीठ बर्फाच्या पाण्यात भिजवायचं आणि ढवळायचं नाही. गुठळ्या राहू द्यायच्या! माझ्या गॅलीत कुणी असं पीठ भिजवलं असतं तर मी त्याला डेकवर उभा केला असता. दोन काड्यांनी चारदा हलवलं, भोपळ्याचे काप बुडवले, ओव्याची पानं बुडवली, कोळंबी बुडवली. तळून वर आलं ते असं हलकं की बोट लावलं तरी मोडेल. मी कढईसमोर उभा राहून तीन पानं तशीच खाल्ली. मग आठवलं, अरे, आपल्याला हे आवडून चालायचं नाही.

कागद येईपर्यंत मानसीलाही चैन नव्हतं. फोन वाजला की आम्ही तिघं जिथल्या तिथे थांबायचो. दवाखान्याचा फोन असायचा, नाहीतर कुणीतरी कर्ज घ्या म्हणायचं. संध्याकाळी ती तुळशीपाशी पायरीवर बसून वाक्यं पाठ करायची. मी विचारलं, काय म्हणतेस? म्हणाली, "पाणी देऊ का. कुठे दुखतंय. हात धरा, हळू, मी आहे." हे सगळं ती कुठल्या तरी अनोळखी म्हाताऱ्या माणसाला सांगणार होती. मी मागीलदारी गेलो आणि उगाच विहिरीचं पाणी काढत बसलो. पंप असताना.

मग तो बांगड्यांचा दिवस. जयवंतीने सहा बांगडे दिले, एकावर एक फुकट. तिकडेही बांगडा खातात, मिसोत शिजवून. मी माशाला चिरा दिल्या, वरून कढत पाणी ओतलं, त्याने हिवसपणा, म्हणजे माशाचा उग्र वास, जातो. पातेल्यात पाणी, सोया सॉस, साखर, भरपूर आलं, बांगडे, मग मिसो. झाकण ठेवलं आणि ओट्याकडे बघितलं तर खलबत्ता ओला. त्यात तिरफळाची साल चिकटलेली. माझ्या नकळत मी सातआठ तिरफळं ठेचून आत टाकली होती! आमच्याकडे बांगडा आणि तिरफळ यांना वेगळं कुणी बघितलेलंच नाही. बांगडा हातात आला की दुसरा हात तिरफळाच्या बरणीकडे जातो, माझ्या आईचा जायचा, शुभाचा जातो. मिसोत तिरफळ! मी कपाळाला हात लावला आणि लगेच मनात म्हटलं, चला, बिघडलं एकदाचं. देव पावला.

वाढलं. मानसीने एक तुकडा तोंडात घातला आणि थांबली. तिरफळाने जिभेला मुंग्या येतात, ओठ जरा बधिर होतात. मी वाट बघत होतो. तिने दुसरा तुकडा घेतला, मग तिसरा. दोन बांगडे काट्यापर्यंत साफ केले, रस भातावर ओतला, बोटं चाटली. मग म्हणाली, "बाबा, तिरफळ तिकडे नाही मिळणार, ना?"

महिनाभरात पहिल्यांदा तिच्या तोंडून 'नाही' आलं होतं. मी ज्याच्यासाठी एवढे दिवस भांडी घासली ते हेच. मला आनंद व्हायला हवा होता. ती पोर ताटात मान घालून बसली होती. मला ती बोर्डिंगच्या पहिल्या दिवशीच्या मुलासारखी दिसली, आणि हे मी मुद्दाम केलं होतं.

दोनच दिवसांनी कागद आला. दुपारची वेळ, शुभाने देवापुढे साखर ठेवली, शेजारी सांगायला गेली. मी स्वयंपाकघरात तांदूळ धूत होतो. मानसी येऊन ओट्याला टेकली. फोन हातात, त्यावर तो कागद.

"बाबा."

"हं."

"तुम्ही एकदा म्हणा, जाऊ नको म्हणून. मी नाही जाणार. खरंच नाही जाणार. फक्त एकदा म्हणा."

वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. महिनाभर तेच तर चघळत होतो. मी तांदळाचं पाणी ओतलं, दुसरं घातलं, तेही ओतलं. पाणी केव्हाच स्वच्छ निघायला लागलं होतं. मला वाटलं, मी जाताना ही दाराशी उभी राहायची, पाच वर्षांची, सात वर्षांची, आणि काही म्हणायची नाही. तिला कुणी शिकवलं असेल गप्प राहायला? आम्हीच. मग आज मी कसा म्हणू?

"भाताला आधण ठेवायचंय," मी म्हणालो, "जरा सरक."

ती सरकली. तुळशीचं लग्न झालं आणि ती गेली.

पहिल्या उन्हाळ्यात एका दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. कुठल्याशा खाणावळीत बसली होती, समोर भातावर भाजलेला वामसारखा मासा, वर हिरवट पूड. "बाबा, ही पूड जिभेवर टाकली नि मुंग्या आल्या! सान्शो म्हणतात. मी शोधलं, तिरफळाच्याच कुळातलं झाड आहे. इथे माशावर हेच घालतात." बोलता बोलता तिला रडू आलं, शेजारच्या टेबलावरच्या दोन बायका वळून बघायला लागल्या. मी त्या दिवशी वाडीभर सांगत सुटलो की माझं चुकलंच नव्हतं. जयवंतीलाही सांगितलं. ती म्हणाली, "मग जपानवाले शहाणेच म्हणायचे."

तेव्हापासून दर ऑक्टोबरला मी मिसोतला बांगडा करतो, तिरफळ घालून. नाक मुरडणारी शुभाच आता विचारते, डबा संपत आलाय, दुसरा सांगितलात का? दोघांच्या जेवणाला दोन बांगडे पुष्कळ होतात, पण मी तीन घेतो. हे बरं लक्षण नाही, मला कळतं. बोटीवर एखादा माणूस उतरून गेला तरी दोन दिवस त्याच्या वाटणीचं शिजत राहायचं, तिसऱ्या दिवशी हात बरोबर मोजायचा. माझा हात तीन वर्षांत मोजायला शिकला नाही.

ही तीन वर्षं मी एकच गोष्ट घोकली. लाज कसली धरलीस? तू गेलास तेव्हा तुझं चुकलं असेल नसेल, पण पोरीने तोंड उघडून मागितलं होतं. तिला माझी परवानगी नको होती, तिकडे जायला तिची ती खंबीर होती. बापाला आपण हव्या आहोत की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं. आणि मी तिला आधणाचं सांगितलं. बोटीवर इतक्या माणसांची पोटं वाचली, घरातल्या एका पोरीचं मन वाचता आलं नाही.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी मी तिरफळं वाळत घातली आणि तासातासाला उलटी केली. शुभा म्हणाली, "त्यांना तरी जरा स्वस्थ पडू द्या."

रविवारी सकाळी दहाला फोन वाजला. तिथे दुपार होती. मानसी जेवून निवांत बसली होती. मी तिला कशी आहेस विचारलं नाही, हवा विचारली नाही. धीर सुटायच्या आत बोलून टाकलं.

"मानसी, परत ये. तिकडे आणखी राहू नको."

पडद्यावरचा चेहरा हलेना. मला वाटलं चित्र अडकलं. मग तिने नाक ओढलं.

"बाबा, परत म्हणा ना."

"ये गो बाय घरी. मला तू इथे हवी आहेस. तेव्हाही हवी होतीस."

ती हसली. डोळे पुसले, पुन्हा हसली. "बरं," म्हणाली. मग आईला काय काय सांगा म्हणाली, ड्यूटीची वेळ झाली म्हणाली आणि फोन ठेवला. मी पडवीत दोन मिनिटं तसाच बसलो. किती दिवसांनी मी एका जागी बसलो होतो.

आत गेलो. शुभा नारळ खवत होती.

"म्हणालो मी," मी सांगितलं. "ये म्हणून. चक्क दोनदा."

तिचे हात थांबले. ती माझ्याकडे बघेना.

"अहो, तिने शुक्रवारीच सही केलीन. दोन वर्षांची. मला फोन आला होता. तुम्हाला इतक्यात सांगू नको म्हणाली, तुम्हाला जेवण जायचं नाही म्हणून."

मी तिच्यासमोर खाली बसलो. "मग दुसऱ्यांदा कशाला म्हणायला लावलंन?"

शुभाने खवलेलं खोबरं वाटीत भरलं.

"ऐकायचं होतं तिला," ती म्हणाली.